त्या घराला जिने किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, युरोपला जाऊन आलेला माणूस काय सांगतो? आयफेल टॉवर सांगतो, स्वित्झर्लंडचा बर्फ सांगतो, अकरा दिवसांत सात देश सांगतो. मला आज त्यातलं काहीच सांगायचं नाही. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही सात जण स्पेनमधल्या एका गावाबाहेरच्या घरात आठवडाभर राहून आलो. घर भाड्याने घेतलं, बाजारहाट केला, खिचडी शिजवली, धुणी वाळत घातली. पण त्या आठवड्यापेक्षा मला त्याआधीच्या पाच महिन्यांबद्दल जास्त बोलायचं आहे. ते पाच महिने आम्ही घर निवडत होतो. घर निवडता निवडता कळत गेलं, की पस्तीस-छत्तीस वर्षांच्या मैत्रीत आपण एकमेकांना कितीतरी गोष्टी विचारल्याच नव्हत्या.

सात जण कोण, ते आधी सांगतो. १९८८ साली धुळ्याच्या कॉलेजातून आम्ही चौघं बी. ए. झालो. एक बँकेत लागला आणि मॅनेजर होऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊन बसला. दुसरा साक्री तालुक्यात शाळामास्तर झाला, नुकताच निवृत्त झाला. तो माळकरी आहे, आषाढीची वारी सहसा चुकवत नाही. तिसरी आमची वर्गमैत्रीण. कॉलेजपासून आम्ही तिला ताईच म्हणतो. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. चौथा मी. दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि रात्री मराठीत कविता लिहितो. आम्हा तिघा पुरुषांच्या बायका धरून झाले सात.

कल्पना बँकवाल्याच्या मुलीची. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे साठीच्या जवळ आलात. बसमधून रोज पहाटे उठून धावण्यापेक्षा खेड्यातलं एखादं घर घ्या आणि निवांत राहा." आम्हाला ते पटलं. बँकवाल्याने लगेच मोबाइलवर ग्रुप केला आणि त्यावर घरांचे फोटो पडू लागले.

ही घरं येतात कुठून, याचं मला आधी कुतूहल वाटलं. युरोपात हा रिवाज जुना आहे. फ्रान्समध्ये अशा घराला 'झीत' म्हणतात. 'झीत द फ्रान्स' ही संघटना १९५५ पासून आहे, आणि हॉटेलला तारे असतात तशा ती घरांना गव्हाच्या ओंब्या देते. इटलीत शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवले तर त्याला 'आग्रितुरिझ्मो' म्हणतात. त्याचा कायदा १९८५ साली झाला. स्पेनमध्ये 'कासा रुराल', म्हणजे सरळ खेड्यातलं घर. शेतावरचं घर असेल तर 'कोर्तिखो'.

पण इतकी घरं रिकामी कशी झाली? इटलीतल्या टस्कनीचंच उदाहरण घ्या. तिथे शेकडो वर्षं बटाईची शेती होती. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब वेगळं, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आले, तरुण शहराकडे गेले, आणि १९६४ च्या कायद्याने बटाईचे नवे करार करायला बंदी आली. टेकड्याटेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. मग ती शहरातल्या आणि परदेशातल्या लोकांनी विकत घेतली, दुरुस्त केली, पोहायचा तलाव बांधला आणि आठवड्याच्या भाड्याने द्यायला काढली. आपण ज्याला 'व्हिला' म्हणून भुलतो, ते बहुतेक वेळा एका बटाईदाराचं सोडून दिलेलं घर असतं.

ही माहिती नुसती पुस्तकी नाही, ती गुडघ्यांशी निगडित आहे. त्या जुन्या घरांत तळमजल्यावर गुरं असत आणि माणसं वर राहत. खाली गोठा, बाहेरून जिना, वर चूल आणि झोपायच्या खोल्या. आज गोठ्याचा दिवाणखाना झाला आहे, पण खोल्या बहुतेक वरच आहेत. फोटोत जिना छान दिसतो. दगडी, झिजलेला, कडेला जिरॅनियमच्या कुंड्या. चढायचा कोणाला, ते फोटोत दिसत नाही.

आमचं पहिलं घर टस्कनीतलंच ठरत आलं होतं. टेकडी, सरूची रांग, खाली द्राक्षमळे. आठवड्याचं भाडं अठ्ठावीसशे युरो. माणशी चारशे, जोडप्याला आठशे. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जोडप्यामागे बहात्तर हजार. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. बँकवाल्याने विचारलं, "पक्कं करू?" सगळ्यांनी अंगठे दाखवले. मास्तरने दाखवला, ताईने दाखवला, मीही दाखवला.

आठवड्याने मास्तरचा निरोप आला: "जावयाच्या घराची वास्तुशांत त्याच सुमारास आहे. तुम्ही जाऊन या."

आता, मे महिन्यातल्या वास्तुशांतीची तारीख जानेवारीत कोण काढतो? मी रविवारी एस. टी. धरून त्याच्या गावी गेलो. वहिनींनी चहा केला. पाण्याचा तांब्या आणायला त्या ओट्यावरून अंगणात उतरल्या. पायऱ्या तीनच. पण त्या आडव्या होऊन, भिंतीला हात लावून, एकेक पाऊल जोडत उतरल्या. मी पाहिलं. मी पाहिलेलं मास्तरने पाहिलं. पैशाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी निघताना एस. टी. च्या थांब्यापर्यंत आला आणि म्हणाला, "त्या घराला जिने किती रे?"

मी बँकवाल्याला सांगितलं. तो दिलदार माणूस. लगेच म्हणाला, "त्याचा वाटा मी भरतो. त्याला कळूही देणार नाही." मलाही ते ठीक वाटलं. पण ताई भडकली. "त्याचं भाडं भरू नका," ती म्हणाली, "घर बदला. आठ दिवस तो तुझ्या पैशाने राहतोय हे त्याला कळल्याशिवाय राहील? आणि वहिनींचे गुडघे तुझ्या पैशाने बरे होणार आहेत? आणि एक सांगू? त्या घरात झोपायच्या खोल्या तीनच आहेत. 'सात जणांची सोय' म्हणजे सातव्याला हॉलमधला सोफा. सातवी मी. चारशे युरो देऊन मी सोफ्यावर झोपणार होते आणि तुम्हा दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. आम्ही फोटो बघत होतो, सरूची झाडं मोजत होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: जाहिरातीत 'किती जणांची सोय' हा आकडा वाचू नका. दार लागणाऱ्या खोल्या किती, न्हाणीघरं किती, आणि त्यातली जमिनीला लागून किती, ते मोजा.

मग ताईने तोडगा काढला. मास्तर आणि वहिनींना बोलावून घेतलं. सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला. त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: ज्याच्याशिवाय चालणार नाही अशी एक गोष्ट, आणि घरभाड्यासाठी जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात. डबा ती उघडणार आणि सगळ्यात कमी आकडा हीच सगळ्यांची मर्यादा. त्याची सरासरी काढायची नाही आणि त्यावर चर्चाही करायची नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. 'खाली झोपायची खोली.' 'पोहायचा तलाव.' 'संध्याकाळी चालत जाऊन गावात चहा पिता यावा.' 'दार लागणारी खोली, आणि हिशोब माणशी.' एका चिठ्ठीवर होतं, 'स्वयंपाकघर लहान असावं, म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडणार नाही.' ते अक्षर माझ्या बायकोचं. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. शेवटची चिठ्ठी माझी. मी लिहिलं होतं, 'काहीही चालेल.' ताईने ती वाचली आणि म्हणाली, "हा खोटं बोलतोय." सगळे हसले, आणि विषय पुढे गेला.

सगळ्यात कमी आकडा जोडप्यामागे चाळीस हजारांचा निघाला. त्यात टस्कनी बसत नव्हती. बँकवाल्याने स्पेन काढला, दक्षिणेकडचा, अंदालुसियाचा. भाडी कमी, मे महिन्यात हवा चांगली. आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "शिवाय तुझ्यासाठी पण. ग्रानादा, अल्हाम्ब्रा. तुझाच इतिहास." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण माझा इतिहास पांझरा नदीच्या काठचा आहे. माझे आजोबा धुळ्याच्या पलीकडे फार गेले नव्हते. मला कुठे जायचं आहे, हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मास्तरच्या गप्प बसण्यावर मी एवढा विचार केला, पण माझ्या गप्प बसण्यावर मात्र केला नाही.

असो. शोध सुरू झाला. त्यात जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोगी पडलं तर बरंच.

एक घर फारच सुंदर आणि फारच स्वस्त होतं. मालक म्हणाला, साइटवरून नको, सरळ माझ्या खात्यात भरा, दहा टक्के कमी करतो. बँकवाल्याची चाळीस वर्षांची नाही तरी तीस वर्षांची नोकरी कामाला आली. त्याने ते फोटो इंटरनेटवर शोधले, तर तेच घर दुसऱ्या नावाने दुसऱ्याच देशात! तेव्हा साइटबाहेर पैसे भरायचे नाहीत, आणि घराचा सरकारी नोंदणी क्रमांक मागायचा. अंदालुसियात पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या घराची नोंदणी करावी लागते आणि खऱ्या मालकाला तो क्रमांक द्यायला काही वाटत नाही.

दुसरं, व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे गुंतवायचे नाहीत. शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो, निदान तीस हजार युरोचा प्रवासविमा लागतो, आणि नव्वद युरो फी व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. घराचं बुकिंग एकाच्या नावावर असतं, म्हणून मालकिणीकडून सातही नावं आणि पासपोर्ट क्रमांक लिहिलेलं पत्र मागवून घेतलं.

तिसरं, भाड्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचायचं. साफसफाईचे वेगळे, चादरी-टॉवेलचे कधी वेगळे, थंडीत शेगडीच्या लाकडांचे वेगळे, आणि अनामत रक्कम. बहुतेक घरं शनिवार ते शनिवार देतात. स्पेनमध्ये दुपारी दोन ते पाच दुकानं बंद आणि रविवारी खेड्यात जवळजवळ सगळंच बंद, म्हणून शनिवारीच दोन दिवसांचा किराणा भरायचा.

शेवटी जे घर मिळालं ते ओर्खिवा गावाच्या बाहेर. सिएरा नेवादा हा बर्फाचा डोंगर, त्याच्या दक्षिण उतारावरचा भाग म्हणजे अल्पुखारा. वर पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही पांढरी गावं एका दरीच्या कडेला एकावर एक टांगल्यासारखी आहेत. फोटोंत तीच सुंदर. पण कापिलेइरा चौदाशे मीटरच्या वर आहे, आणि त्या गल्ल्या म्हणजे चढ आणि पायऱ्याच. ओर्खिवा खाली खोऱ्यात, संत्री आणि ऑलिव्हच्या बागांत. पोस्टकार्डावर शोभेल असं नाही, पण बाजाराचं गाव आहे. दर गुरुवारी बाजार भरतो. घरापासून चालत पंधरा मिनिटं.

मालकीणबाईंना आम्ही बारा प्रश्न लिहून पाठवले. पहिला: गाडी उभी राहते तिथपासून खालच्या पलंगापर्यंत पायऱ्या किती? बाईंनी उत्तर लिहिलं नाही. मोबाइल हातात धरून त्या स्वतः गाडीपासून पलंगापर्यंत चालत गेल्या आणि ते चित्रण पाठवलं. तीन पायऱ्या, एका बाजूला भिंत. मास्तरने ते ग्रुपवर पाहिलं आणि पहिल्यांदा मनापासून अंगठा दाखवला.

चार खोल्या, भाडं चौदाशे युरो. खोलीमागे हिशोब धरला तर ताईला साडेतीनशे आणि जोडप्यालाही साडेतीनशे. माणशी धरला तर प्रत्येकी दोनशे. चिठ्ठीत लिहिलेलं होतंच. माणशी.

मालागाच्या विमानतळावर दोन गाड्या घेतल्या. दोन्ही ऑटोमॅटिक. त्या तिकडे कमी असतात, म्हणून आधीच सांगून ठेवल्या होत्या. आर. टी. ओ. कडून आंतरराष्ट्रीय परवाना दोघांनी काढला होता, बँकवाल्याने आणि ताईने. यजमान गेल्यावर ती गाडी शिकली. बँकवाला काळजीने म्हणाला, "उजव्या बाजूने चालवायचंय, घाट आहे, जमेल ना?" ती म्हणाली, "लळिंगचा घाट रात्री ट्रकांच्या मधून चालवते मी. तू तुझं बघ." मालकिणीने बजावलं होतं, की शेवटच्या वळणानंतर मोबाइलच्या नकाशावर जाऊ नका, निळ्या फाटकावर जा. बँकवाला नकाशावर गेला आणि कोरड्या नदीपात्रात उतरला. आम्ही ताईच्या गाडीत होतो. तो पोहोचला तेव्हा आमचा चहा झाला होता.

चहा झाला तो नारिंगी रंगाच्या सिलिंडरवर. आपल्याकडे लाल असतो तसा तिकडे खेड्यात ब्यूटेनचा नारिंगी सिलिंडर. माझ्या बायकोने आधी तो हलवून पाहिला, मग दुसरा भरलेला कुठे आहे ते शोधून ठेवलं. स्वयंपाकघर चिठ्ठीबरहुकूम लहान होतं. एका वेळी दोघांपेक्षा जास्त मावत नसत, म्हणून पाळ्या लावल्या. माझ्या पाळीला खिचडी.

स्वयंपाकघराची गरज मात्र पहिल्याच दिवशी कळली. गावातल्या खानावळीत आम्ही भाज्यांच्या यादीतला पहिला पदार्थ मागवला, हिरव्या घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे. आले तर त्यात गुलाबी तुकडे. 'आबास कोन हामोन', डुकराच्या मांसाबरोबरचे दाणे, ग्रानादाकडचा नेहमीचा पदार्थ. गळ्यात तुळशीची माळ घातलेला मास्तर आणि मी, दोघांनी एकाच वेळी ताटली पुढे सरकवली. मग आठवडाभर आम्हा दोघांची जोडी. कुठेही गेलो की मास्तर आधी विचारायचा, "सिन हामोन?" आणि मी मागून मान हलवायचो. वर त्रेवेलेस नावाचं गाव त्या हामोनसाठीच प्रसिद्ध आहे. दुकानांच्या छतांना मांड्याच मांड्या टांगलेल्या. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसून संत्री खाल्ली.

पोहायच्या तलावाची गंमत वेगळी. जाहिरातीत तलाव होता, तिथे गेल्यावर निघाला तो शेताचा हौद. बागेला पाणी द्यायला बांधलेला, चौकोनी, खोल, कठडा नसलेला. त्याला 'अल्बेर्का' म्हणतात. शब्द अरबी, 'बिरका' म्हणजे तळं. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं. बँकवाल्याने पहिल्याच सकाळी उडी मारली आणि उडी मारल्यापेक्षा लवकर बाहेर आला. लहान मुलं बरोबर असतील तर असा हौद आधी विचारून घ्यावा, हे जाता जाता सांगतो.

तो हौद भरायचा पाटाने. त्या पाटाला 'आसेकिया' म्हणतात. हाही शब्द अरबी. १४९२ साली ग्रानादाचं राज्य पडलं, १५६८ मध्ये या डोंगरांत बंड झालं, ते मोडल्यावर इथल्या मुसलमानांच्या वंशजांना हाकललं आणि उत्तरेकडून वस्ती आणली. नव्या लोकांना पाणी कसं फिरवायचं ते कळेना, म्हणून गावागावात जुन्यांपैकी दोन-दोन घरं ठेवून घेतली, असं तिथे सांगतात. माणसं गेली, पाट राहिले.

चौथ्या दिवशी पहाटे मला पाण्याचा आवाज आला. बाहेर आलो तर पाटाला पाणी सुटलेलं. शेजारच्या बागेतला म्हातारा फावडं घेऊन उभा होता आणि त्याच्याजवळ मास्तर. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. म्हाताऱ्याने घड्याळ दाखवून दोन बोटं वर केली. दोन तासांची पाळी. मग पत्र्याचं छोटं दार उचललं, पाणी हौदाकडे वळलं. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाला, "आपला पाटकरी."

श्रोत्यांपैकी जे साक्री-धुळ्याकडचे आहेत त्यांना सांगायला नको. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. पण शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे तोटा एकट्यादुकट्याचा होत नसे, सगळ्यांचा मिळून होई. मास्तरचे वडील आणि माझे आजोबा एकाच बंधाऱ्याचं पाणी वापरत. मास्तर त्या पाटाकडे बघत म्हणाला, "ताईचा डबा म्हणजे तरी दुसरं काय? फडच की." त्या घराबद्दल, पैशाबद्दल तो एवढंच बोलला. पुन्हा कधी नाही.

पाचव्या दिवशी ग्रानादा. अल्हाम्ब्राची तिकिटं नावानिशी आणि आधीच घ्यावी लागतात, पासपोर्ट दाखवावा लागतो. ती जागा काय आहे, ते मी सांगायला नको. पण तिथे एक अवघड प्रकार होत होता. जग ती नक्षी बघत होतं आणि माझे मित्र माझा चेहरा बघत होते. सिंहांच्या चौकात बँकवाला हळूच म्हणाला, "काय वाटतंय रे?" मी म्हणालो, "पाय दुखतायत." त्याचा हिरमोड झाला.

रात्री घरी आल्यावर द्राक्षांच्या मांडवाखाली बसलो होतो. खालच्या खोलीचं दार उघडं, वहिनी उंबऱ्यात मटार सोलत होत्या. मी म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी म्हणून इथे आलात. मला इथे बरं वाटलं. पण खरं सांगू, मी चिठ्ठीत खोटं लिहिलं होतं. मला समुद्र हवा होता. धुळ्याच्या माणसाला दुसरं काय हवं असतं?"

कोणी काही बोललं नाही. मग मास्तर म्हणाला, "मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

ताईने मोबाइल काढून नकाशा पाहिला. सालोब्रेन्या नावाचं गाव, भूमध्य समुद्राच्या काठी. पाऊण तासाचा रस्ता. पाच दिवस समुद्र आमच्यापासून पाऊण तासावर होता आणि मी मनातल्या मनात त्याच्याविना कुढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेलो. खडकावर पांढरं गाव, वर किल्ला, खाली करड्या गोट्यांचा किनारा. त्या पट्ट्यात शतकानुशतकं उसाची शेती होती. साखरेला तिकडे 'आसुकार' म्हणतात. अरबीतल्या 'सुक्कर'वरून आला, आणि अरबीत तो आपल्याच शर्करेवरून गेला. मास्तरला हे ऐकून इतका आनंद झाला, की त्याने चहाच्या टपरीवर साखरेच्या दोन पुड्या खिशात घातल्या. वहिनींना गोट्यांवरून चालवेना, म्हणून माझी बायको आणि ताई त्यांचे दोन्ही हात धरून पाण्यापर्यंत घेऊन गेल्या. तिघी घोट्यापर्यंत पाण्यात बराच वेळ उभ्या होत्या. बँकवाला फोटो काढायला विसरला.

आता परत येऊन बरेच महिने झाले. ग्रुपवर पुन्हा घरांचे फोटो पडू लागले आहेत. या वेळी कोकणातलं जवळचं घर बघतो आहोत, चार दिवसांसाठी. फोटो पडला की त्याच्याखाली पहिला प्रश्न बँकवाल्याचा असतो: "जिने किती?" डबा ताईकडे आहे. माझी चिठ्ठी मी आधीच लिहून ठेवली आहे, आणि या वेळी तिच्यावर खाली नावही घातलं आहे.